वर्गातल्या परस्पर अपेक्षा लिहिताना शिक्षकांची बाजू किती स्पष्ट असावी?

प्रश्न: नववीची वर्गशिक्षिका, सोलापूर

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका आहे. येत्या जूनपासून आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात एक अपेक्षापत्र लावायचे, असे आमच्या मुख्याध्यापकांनी ठरवले आहे. त्याच्या एका बाजूला शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून काय हवे आणि दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून काय हवे, हे लिहायचे असून दोघांनीही त्याखाली सह्या करायच्या आहेत.

विद्यार्थ्यांसाठीची बाजू शिक्षकसभेत बघता बघता लिहून झाली. वेळेवर यावे, गणवेशात यावे, गृहपाठ पूर्ण असावा, तास चालू असताना आपसांत बोलू नये, मोबाइल आणू नये. शिक्षकांच्या बाजूला मात्र 'शिक्षक विद्यार्थ्यांशी प्रेमाने वागतील', 'विद्यार्थ्यांना प्रोत्साहन देतील' आणि 'आदर्श वर्तन ठेवतील' अशी तीनच वाक्ये आली. पहिल्या बाजूचे प्रत्येक वाक्य पाळले गेले की नाही, हे वर्गाच्या दारात उभे राहूनही सांगता येते. दुसऱ्या बाजूचे एकही वाक्य मोडले गेल्याचे कोणाला कधीच दाखवता येणार नाही. हे मला न्याय्य वाटत नाही, आणि मुलांच्याही ते लगेच लक्षात येईल अशी माझी खात्री आहे.

म्हणून मी माझ्या वर्गाकडून, नाव न घालता, चिठ्ठ्या लिहून घेतल्या. त्यांतल्या काही येथे देते. 'फळ्यावर लिहून झाल्यावर शिक्षकांनी थोडे बाजूला व्हावे, खिडकीकडच्या ओळीला उजेडामुळे आधीच नीट दिसत नाही.' 'उत्तर चुकले की वर्ग हसतो, तेव्हा निदान सरांनी हसू नये.' 'मला माझ्या नावाने हाक मारावी, शेवटचा बाक म्हणून नको.' 'ऑफ तासाला येणाऱ्या शिक्षकांनी गप्प बसवण्याखेरीज काहीतरी करून घ्यावे.' 'पेपर परत मिळाल्यावर गुण कुठे गेले ते सांगावे.' गृहपाठ बंद करा, असे एकाही चिठ्ठीत नव्हते. मुलांनी जे मागितले ते बहुतेक सगळे आम्हाला आजच देता येण्यासारखे आहे.

या चिठ्ठ्या सभेत वाचल्यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. शिक्षकांविषयीच्या अपेक्षा भिंतीवर लावल्या, तर उद्या एखादा विद्यार्थी भर वर्गात बोट दाखवून 'सर, तुम्ही पाचवे कलम मोडले' असे म्हणेल, आणि साठ मुलांच्या वर्गात त्यानंतर शिस्त राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांची भीती मी पोकळ मानत नाही. मला जाणकारांकडून असे जाणून घ्यायचे आहे की शिक्षकांच्या बाजूची वाक्ये किती नेमकी असावीत, शिक्षकांकडून एखादी अपेक्षा पाळली गेली नाही तर पुढे काय व्हावे, आणि घरच्या परिस्थितीमुळे ज्या मुलांना वेळ पाळणे खरोखर अवघड जाते, त्यांचे काय करावे?

---

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर

बाई, तुमच्या मुलांच्या चिठ्ठ्याच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहेत. 'प्रेमाने वागतील' हे वाक्य काढून टाका आणि त्या जागी 'चुकलेल्या उत्तरावर शिक्षक हसणार नाहीत आणि वर्गालाही हसू देणार नाहीत' हे लिहा. वाक्य लिहिताना एकच कसोटी लावावी: वर्गात बसलेल्या कोणालाही, मग ते पर्यवेक्षक असोत की पहिल्या बाकावरची मुलगी, हे घडले की नाही हे पाहता आले पाहिजे. मनातला भाव कोणाला दिसत नाही, कृती दिसते. शिक्षकाच्या मनात प्रेम असतेच, पण तास संपल्याची घंटा झाल्यावरही फळा न सोडणाऱ्या शिक्षकामुळे मुलांची मधली सुट्टी जाते, तेव्हा त्या प्रेमाचा मुलांना उपयोग नसतो.

हीच कसोटी विद्यार्थ्यांच्या बाजूलाही लावावी. 'शिस्तीत राहावे' असे लिहून काही साधत नाही. 'दुसरा बोलत असताना त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे' हे मुलांना कळते. शिवाय एका बाजूला पाच-सहा वाक्यांपेक्षा अधिक नकोत. मी अनेक शाळांच्या भिंतींवर वीस-वीस कलमांचे फलक पाहिले आहेत. त्यांतले पाचवे कलम शिक्षकांनाही सांगता येत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाविषयी. भर वर्गात बोट दाखवण्याची वेळ विद्यार्थ्यावर येते, ती त्याला बोलण्याची दुसरी जागा नसते म्हणून. ती जागा आधी तयार करा. प्रत्येक वर्गातून एक मुलगा आणि एक मुलगी असे दोन प्रतिनिधी निवडावेत, त्यांनी महिन्यातून एकदा पर्यवेक्षकांना भेटावे आणि दोन्ही बाजूंच्या अपेक्षा कितपत पाळल्या जात आहेत, ते सांगावे. या भेटीत शिक्षकाचे नाव घ्यायचे नाही, विषयही सांगायचा नाही. 'या महिन्यात काही तास उशिरा सुरू झाले' इतकेच सांगायचे. पर्यवेक्षकांना वेळापत्रक पाठ असते, त्यांना अधिक सांगावे लागत नाही. त्यानंतरचे बोलणे पर्यवेक्षक आणि शिक्षक यांच्यात, बंद दाराआड व्हावे. विद्यार्थी चुकला तर आपण त्याला सर्वांसमोर अपमानित करू नये अशी अपेक्षा लिहिणार असू, तर तेच संरक्षण शिक्षकालाही मिळाले पाहिजे.

हे प्रतिनिधी निवडताना दर वेळी पहिल्या क्रमांकाची मुलेच घेऊ नयेत, एवढे आवर्जून सांगतो. ज्या मुलाला गणित जमत नाही, त्यालाच गणिताच्या तासाविषयी सर्वांत जास्त सांगायचे असते.

आणखी एक गोष्ट चिठ्ठ्यांमध्ये आली नसली, तरी शिक्षकांनी आपणहून लिहावी. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला आढळले. तोच काळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबली, 'माहीत नाही' म्हणणारे कमी झाले, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. आपल्या वर्गांत हे अधिकच लागू आहे, कारण पूर्व भागातील कित्येक मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. मराठीत विचारलेला प्रश्न समजून घेऊन मराठीत वाक्य जुळवायला त्यांना ते दोन सेकंद लागतातच, आणि आपण तेवढ्यात 'सांग, सांग, येत नाही ना? बस खाली' म्हणून मोकळे होतो.

---

उत्तर २: एक पालक, अक्कलकोट रस्ता परिसर

मॅडम, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर पालक म्हणून लिहितो. माझी मुलगी दहावीत आहे. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि त्याची वेळ पहाटेची असेल की शाळेच्या तोंडावरची, हे आदल्या रात्रीपर्यंत नक्की नसते. पाण्याच्या दिवशी घरातले प्रत्येक माणूस भांडे घेऊन उभे असते. तिची आई विड्या वळते, मी यंत्रमागावर पाळीला असतो, त्यामुळे त्या दिवशी पिंप, हंडे आणि कळश्या भरून होईपर्यंत मुलीला घर सोडता येत नाही. परिपाठ संपल्यावर शाळेत पोहोचलेल्या मुलांना मैदानात उभे करतात, तेव्हा त्यांच्यात निम्म्याहून अधिक मुली असतात, हे मी स्वतः फाटकापाशी पाहिले आहे.

उशीर चालवून घ्यावा, असे माझे मागणे नाही. वेळ पाळायची सवय लागलीच पाहिजे, कारखान्यात उशीर झाला तर पाळी जाते, हे मुलांना आम्हीच सांगतो. पण उशिरा आलेल्या मुलाला पहिल्याच तासाला वर्गाबाहेर ठेवले, तर त्याचा उशीर दहा मिनिटांवरून चाळीस मिनिटांचा होतो, आणि तो वाढवणारी शाळा असते. म्हणून अपेक्षापत्रात असे लिहावे की उशीर झालेला विद्यार्थी मागच्या दाराने शांतपणे येऊन बसेल, कारण तास संपल्यावर सांगेल, आणि शिक्षक त्याला चालू तासात कारण विचारणार नाहीत. वारंवार उशीर होऊ लागला, तर मुलाला उभे करण्याऐवजी आम्हाला बोलवावे. आम्ही येऊ. फक्त ती वेळ दोन्ही पाळ्यांच्या कामगारांना जमेल अशी असावी. दुपारी बाराची सभा ठेवून 'पालक येत नाहीत' असे म्हणू नये.

गृहपाठाचेही असेच आहे. विडीचा माल कारखान्यात द्यायचा असतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी मुली पाने कापायला बसतात. अशा दिवशी मराठी, विज्ञान आणि गणित या तिन्ही विषयांचा लांबलचक गृहपाठ आला, तर तो उतरवून काढला जातो, समजून केला जात नाही. कोणत्या दिवशी कोणत्या विषयाचा गृहपाठ, एवढे शिक्षकांनी आपसांत ठरवून वर्गात लावले, तरी आम्हाला घरचे काम त्याप्रमाणे लावता येईल.

---

उत्तर ३: गणित शिक्षक, बार्शी तालुका

चर्चेतील बहुतेक सूचनांशी मी सहमत आहे. तरीही शिक्षकांच्या बाजूला काहीही लिहिण्यापूर्वी एक हिशेब सर्वांनी पाहावा, असे मला वाटते. 'शिक्षक वह्या आठवड्याला तपासून देतील' ही अपेक्षा प्रत्येक शाळेच्या यादीत हमखास असते. माझ्याकडे पाच वर्ग आहेत आणि प्रत्येकात साठच्या आसपास मुले, म्हणजे तीनशे वह्या. एका वहीला केवळ दोन मिनिटे धरली, तरी सहाशे मिनिटे, म्हणजे दहा तास होतात. आठवड्याचे तास, टाचण, घटक चाचण्यांचे पेपर आणि ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे सांभाळून हे दहा तास दर आठवड्याला निघत नाहीत. मग काय होते, ते आपण सर्व जाणतो: प्रत्येक पानावर लाल शाईची एक तिरकी रेघ, खाली सही आणि तारीख. त्या रेघेने विद्यार्थ्याला काहीही कळत नाही, आणि शिक्षकाला मात्र अपेक्षा पूर्ण केल्याचा पुरावा मिळतो.

मी माझ्या वर्गांशी वेगळे ठरवले आहे. दर आठवड्याला एकाच वर्गाच्या वह्या घेतो. म्हणजे प्रत्येकाची वही पाच आठवड्यांतून एकदा माझ्याकडे येते. त्यांतले विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले एकच उदाहरण पूर्ण तपासतो आणि कोणत्या पायरीवर घसरले, ते त्या पायरीशेजारी लिहितो. बाकीची उदाहरणे मुले फळ्यावरच्या उत्तराशी ताडून शेजाऱ्याकडून तपासून घेतात. विद्यार्थ्यांची बाजू अशी, की माझी टीप वाचून ते उदाहरण त्यांनी खाली पुन्हा सोडवायचे. टीप दिलीच नाही, तर पुन्हा सोडवण्याची अपेक्षाही मला ठेवता येत नाही. अशी एकमेकांना जोडलेली वाक्ये लिहिली, म्हणजे एका बाजूने सोडले की दुसऱ्या बाजूला लगेच कळते, आणि कोणाला कलम दाखवावे लागत नाही.

दुसरे असे, की शिक्षकाच्या हातात नसलेल्या गोष्टी त्याच्या नावावर लिहू नयेत. अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचे वचन मी देतो, पण निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला माझी नेमणूक झाली की माझे तास बुडतात, आणि ते बुडवणारा मी नसतो. म्हणून माझी सूचना अशी, की पत्राला तिसरा स्तंभ असावा आणि त्याखाली मुख्याध्यापक व संस्थेच्या प्रतिनिधीची सही असावी. शिक्षक गैरहजर असताना त्या वर्गावर शक्यतो त्याच विषयाचा शिक्षक पाठवला जाईल, पंखे आणि फळा दुरुस्त असतील, एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो तेव्हा वर्गाबाहेर पिण्याचे पाणी असेल, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी असेल. फळ्याच्या उजेडाची तक्रार करणाऱ्या मुलीला शिक्षकाने बाजूला होऊन पूर्ण दिलासा मिळणार नाही. त्या खिडकीला पडदा लागेल. पडद्याचा खर्च तिसऱ्या स्तंभाचा आहे.

---

उत्तर ४: वकील, बाल हक्क विषयातील कार्यकर्ती

कायद्याच्या अंगाने थोडेसे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने मनाई केली आहे. हा अधिनियम सहा ते चौदा वयोगटासाठी आहे, त्यामुळे नववी-दहावीला तो लागू नाही, असे सांगून काही ठिकाणी पळवाट काढली जाते. परंतु बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली बालक आहे अशा व्यक्तीने त्याला मारहाण करून वा छळून अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक यातना दिल्यास कलम ७५ खाली शिक्षेची तरतूद आहे. सबब 'शिक्षक मारणार नाहीत' हे वाक्य अपेक्षापत्रात लिहूच नये. जे कायद्याने आधीच निषिद्ध आहे, ते अपेक्षा म्हणून लिहिले की त्याविषयी वाटाघाट होऊ शकते असा समज होतो. मारहाण, लैंगिक स्वरूपाचे वर्तन, जातीवरून किंवा धर्मावरून हिणवणे या गोष्टींसाठी महिन्याच्या भेटीची वाट पाहायची नसते. त्यांच्यासाठी तक्रारपेटी, २०२२ पासून शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी स्थापन करावयाची सखी सावित्री समिती आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि तो क्रमांक त्याच भिंतीवर, पण वेगळ्या फलकावर, ठळक लिहावा.

शिक्षकांची काही कर्तव्ये २००९ च्या अधिनियमातच आहेत. कलम २४ प्रमाणे नियमित व वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेनुसार जादा मार्गदर्शन करणे आणि पालकांना नियमित भेटून मुलाच्या प्रगतीची माहिती देणे, ही त्यांची जबाबदारी आहे. कलम २८ प्रमाणे त्यांना खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यामुळे अशा वाक्यांना भिंतीवर आक्षेप घेण्यासारखे काही उरत नाही. गणिताच्या सरांच्या समाधानासाठी सांगते, की कलम २७ ने शिक्षकांवर टाकता येणारी अशैक्षणिक कामेही दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांपुरतीच मर्यादित केली आहेत. त्यांनी सुचवलेला तिसरा स्तंभ मला योग्य वाटतो.

सह्यांबाबत एक सूचना: विद्यार्थ्याची सही हा त्याच्याविरुद्धचा कबुलीजबाब म्हणून कधीही वापरला जाणार नाही, हे पत्रावरच लिहावे. 'तू सही केली होतीस ना?' हे वाक्य शिक्षेच्या आधी ऐकू येऊ लागले, की मुले पुढच्या वर्षी काहीही न वाचता सही करतील.

---

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर: नववीची वर्गशिक्षिका, सोलापूर

सर्वांची मनापासून आभारी आहे. ही चर्चा मी मुद्रित करून आमच्या मुख्याध्यापकांना दिली. आक्षेप घेणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनीही ती वाचली. प्रतिनिधींनी नाव न घेता पर्यवेक्षकांशी बोलण्याची पद्धत त्यांना मान्य आहे, परंतु त्या भेटीत शिक्षकांचा एक प्रतिनिधी बसावा, अशी त्यांची अट आहे. ती मला पटत नाही, कारण शिक्षक समोर बसले की नववीतली मुले 'सगळे छान चालले आहे' असेच सांगतील. याऐवजी भेटीचे टिपण त्याच दिवशी शिक्षककक्षात सर्वांना वाचायला ठेवावे, असे मी सुचवले आहे आणि त्यावर शनिवारच्या सभेत निर्णय होईल.

उशिराविषयीचे पालकांचे वाक्य आम्ही जवळजवळ जसेच्या तसे घेत आहोत. पालकसभा महिन्यातून एकदा सकाळी आणि एकदा सायंकाळी ठेवण्याची तयारी मुख्याध्यापकांनी दाखवली आहे. गृहपाठाचे वेळापत्रक बसवताना जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो ते दिवस मोकळे ठेवायचे, हेही ठरले, कारण यात्रेच्या काळात आमच्या वर्गांतील बरीच मुले घरच्यांबरोबर दुकानांवर असतात आणि त्या आठवड्यात लावलेली घटक चाचणी दर वर्षी पुन्हा घ्यावी लागते.

गणिताच्या सरांच्या धर्तीवर जोडवाक्ये लिहायला मी माझ्या वर्गालाच बसवले. त्यांतले एक असे आले आहे: 'न समजल्यास आम्ही हात वर करून विचारू, शिक्षक तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा न म्हणता दुसऱ्या पद्धतीने समजावतील.' हे मी शिक्षकसभेत पहिल्या क्रमांकावर मांडणार आहे. तिसरा स्तंभ संस्थेपुढे ठेवायचा असल्याने त्याची भाषा काळजीपूर्वक करावी लागेल. त्याचा मसुदा येथे टाकते, सरांनी आणि वकील ताईंनी तो सभेपूर्वी पाहून द्यावा, ही विनंती.